ओरेस्तेचे कागद

तो माणूस आमच्या पडवीत उतरला तेव्हा मी आधी त्याचे पाय बघितले. वय पंचावन्न-छप्पन्न, छातीवरचे केस पांढरे, आणि पायांवर एक केस नाही! तुळतुळीत. मी आत जाऊन रहिमुन्निसाला सांगितलं, "हा माणूस पाय भादरतो." ती म्हणाली, "तुम्ही कशाला बघताय त्याचे पाय?" बायकोला काही सांगायची सोय नाही.

माणूस इटलीचा. नाव ओरेस्ते. आडनाव उच्चारायला दात लागतात आणि माझे खालचे तीन गेलेत. तो आला आमच्या हुझैफामुळे. हुझैफा माझा एकुलता एक, चोवीस वर्षांचा. इटलीच्या एका मोठ्या प्रवासी जहाजावर दोन वर्षं त्याने किचनमध्ये कांदे सोलले आणि कांद्यांबरोबर इटालियन शिकला. तिथल्या मोठ्या आचाऱ्याचा हा थोरला भाऊ. हिवाळ्यात त्यांच्याकडे बर्फ पडतो, सायकल चालवता येत नाही, म्हणून हा दरवर्षी कुठेतरी उन्हात जाऊन महिनाभर राहतो. हुझैफाने सांगितलं, आमच्याकडे या. आमचं गाव श्रीवर्धनपासून अर्ध्या तासावर, समुद्राला लागून. सुपारीच्या वाडीत मागे आमच्या दोन खोल्या आहेत. शनिवार-रविवार मुंबईवाले येतात, बाकी दिवस रिकाम्या. तर हा आला, जानेवारीच्या पाच तारखेला. एक पिशवी, आणि खोक्यात सुटी करून आणलेली सायकल.

"बारा वर्षं प्रोफेशनल होता, अब्बा," हुझैफा म्हणाला. "पगार घेऊन शर्यती करायचा."

"सायकल चालवायचा पगार?"

"हो."

"मग मी बावीस वर्षं सौदीत जुबैलला पाण्याचा टँकर चालवला तो गाढवपणाच म्हणायचा."

आता माझी बाजू ऐकून घ्या. नंतर काय बोलायचं ते बोला.

त्याच दिवसांत हुझैफाला दोहाच्या एका हॉटेलात काम लागलं होतं. जहाजाच्या दीडपट पगार, राहायला खोली, वर्षाला घरी यायचं तिकीट. सगळं झालं होतं, एक कागद अडला होता. पोलीस क्लिअरन्स. म्हणजे पोलिसांनी लिहून द्यायचं की या पोरावर गुन्हा नाही, चालचलन सरळ आहे. फाईल आमच्या ठाण्यात पडलेली. मुंबईच्या एजंटने सांगून ठेवलं होतं, दहा फेब्रुवारीपर्यंत कागद हातात पाहिजे, नाहीतर जागा दुसऱ्याला. दोन वर्षं झाली पोराला घरी बसून. मी रोज नमाजनंतर तेवढंच मागत होतो.

आणि पोलीस दिसला की मी रस्ता बदलतो. त्र्याण्णव साली मुंबईच्या स्फोटांचं जे सामान आमच्या किनाऱ्यावर उतरलं ते उतरवणारे मोजके होते, पण चौकशीला कोणाकोणाला जावं लागलं ते आम्हाला विचारा. मी तेव्हा सुट्टीवर आलेलो, मला चारदा बोलावलं. होडी कोणाची, घरी पाहुणा कोण होता, तिकडे कोणाला ओळखतोस. चौथ्या वेळी चहा पाजून सोडलं. तेव्हापासून मी ठरवलेलं आहे, ठाण्यात आपलं नाव जेवढं कमी निघेल तेवढं बरं.

परदेशी माणूस घरी ठेवला की चोवीस तासांत पोलिसांना कळवायचं असतं. त्याचा फॉर्म असतो, मोबाईलवरही भरता येतो. ओरेस्तेने आल्या दिवशीच पासपोर्ट आणि व्हिसाच्या झेरॉक्स माझ्या हातात दिल्या. हुझैफा म्हणाला, "अब्बा, मी भरून टाकू?" मी म्हणालो, "राहू दे, मी बघतो." आणि मी काय केलं? झेरॉक्स कपाटात ठेवल्या, रहिमुन्निसाच्या हजच्या कपड्यांखाली. माझं डोकं असं चाललं, की पोराची फाईल ज्या टेबलावर आहे त्याच टेबलावर 'रशीदच्या घरी परदेशी माणूस' हा कागद आत्ताच कशाला? आ बैल मुझे मार! क्लिअरन्स येऊ दे, मग भरू. हुझैफाने दोन दिवसांनी विचारलं, मी म्हणालो, झालं. पाच मिनिटांचं काम होतं हो. पाच मिनिटांचं.

पण एकदा कागद लपवला की माणसाची झोप उडते. मी त्या गोऱ्यावर नजर ठेवायला लागलो, आणि जे दिसेल त्यात मला काळंबेरं दिसायला लागलं.

पहाटे उठून तो कुठे जायचा, माहीत आहे? सुपारीच्या काट्यावर. आमच्या अंगणात पोती वजन करायचा मोठा काटा आहे, त्यावर चड्डीवर उभा राहायचा, आकडा बघायचा आणि वहीत लिहायचा. रोज! जेवायला बसला की भात वाढायच्या आधी वाटीने मोजून घ्यायचा. रहिमुन्निसाला वाटलं आपण जास्त खाऊ घालतो असं म्हणतोय, ती दोन दिवस रुसली. आंबोळ्या केल्या तर म्हणे तीन. चौथी दिली तर हात जोडले. खाणाऱ्या माणसाला भ्यावं लागत नाही, न खाणाऱ्याला भ्यावं, असं माझी आई म्हणायची.

मग सात वाजता सायकलवर. खाडीच्या पुलापासून आमचा घाट सुरू होतो, वर माथ्यावरच्या भातशेतांपर्यंत. हा घाट चढायचा, वर पोचला की खाली यायचा, परत चढायचा. सात-सात वेळा! मी म्हणालो, अरे बाबा, श्रीवर्धनला जा, दिवेआगरला जा, हरिहरेश्वर बघ. नाही. तोच घाट. माणूस एकाच रस्त्यावर सात वेळा कशासाठी जातो? मी जुबैलला गेलो असेन, पण मला त्याचे पैसे मिळत होते.

आणि सगळ्यांत वाईट म्हणजे त्यांचं बोलणं. संध्याकाळी तो आणि हुझैफा पडवीत बसून तासतासभर बोलायचे. त्यांच्या भाषेत. पोरगा माझा, पडवी माझी, आणि मला एक अक्षर कळत नाही. पोरगा हसायचा. घरात आमच्याशी बोलताना तोंडात मिठाची गुळणी धरून बसतो, आणि तिथे टाळ्या देऊन हसतो. मला राग यायचा. खरं सांगायचं तर हेवाही वाटायचा.

एका रात्री जेवताना मी उलटतपासणी घेतलीच.

"विचार त्याला, घरी काय आहे त्याच्या?"

ओरेस्ते चांगला पाच मिनिटं बोलला, हात हलवून हलवून. हुझैफा म्हणाला, "वडील फर्निचरच्या कारखान्यात होते. आठ वर्षांचा असताना चर्चच्या पाद्रीने जुनी सायकल दिली. आता सायकल दुरुस्तीचं दुकान आहे."

"एवढं बोलला त्याचं एवढंच?"

"बाकी सायकलचं होतं, अब्बा."

"विचार, किती शर्यती जिंकला?"

हुझैफाने विचारलं. ओरेस्तेने अंगठा आणि पहिलं बोट जोडून शून्य करून दाखवलं आणि मनापासून हसला.

"बारा वर्षं आणि एकही नाही?" मी म्हणालो. "मग पगार कसला?"

तेव्हा हुझैफाने समजावलं. एका टीममध्ये आठ-नऊ जण असतात, जिंकायचा एकच, कॅप्टन. बाकीच्यांनी त्याच्यासाठी राबायचं. वारा असला तर पुढे राहून तो आपल्या अंगावर घ्यायचा, कॅप्टन मागे आरामात. मागच्या गाडीतून पाण्याच्या बाटल्या आणून सगळ्यांना वाटायच्या, एका वेळी सात-सात, शर्टात खुपसून. कॅप्टनची सायकल बिघडली तर आपली काढून द्यायची आणि आपण रस्त्याच्या कडेला उभं राहायचं. "हा ते काम करायचा," हुझैफा म्हणाला. "तीन आठवडे रोज दीडशे-दोनशे किलोमीटर. डोंगरात ज्या दिवशी कॅप्टनने पहिल्या नंबराचा हार घातला, त्या दिवशी हा चाळीस मिनिटांनी मागून आला. पोचेपर्यंत स्टेज उतरवत होते."

रहिमुन्निसाला तेवढ्यावरूनच त्याची दया आली आणि तिने त्याच्या ताटात माशाची तुकडी टाकली. मला नाही आली. बारा वर्षं दुसऱ्यासाठी राबला आणि तोंडावर एवढं समाधान? असा माणूस मी पाहिला नव्हता, आणि जो पाहिला नाही त्यावर विश्वास ठेवायची मला सवय नाही.

जानेवारी संपत आला तेव्हा हिरामण आला. हिरामण म्हणजे आमचा पोलीस पाटील, घाटावरच्या वाडीतला. माणूस चांगला, पण त्याच्या भातशेताचा विषय निघाला की डोकं फिरतं.

"रशीदभाई, तुमचा ह्यो गोरा आमच्या घाटात रस्त्याव खडूनं काय लिवतोय?"

"खडूने?"

"व्हय! दर शंभर पावलांव रेघ, आन् फुडं आकडा. मागं समुद्राकडच्या मोठ्या रस्त्याची मोजणी झाली तवा बी असंच चुन्यानं आकडे टाकल्याले. आमच्या जमिनी मोजतोय का काय ह्यो? कुनी पाठवलाय?"

"मला नाही ठाऊक, हिरामण. शर्यतीचं काहीतरी असेल."

"शर्यत हितं कोन लावतोय?" तो माझ्याकडे बघत राहिला. "फॉर्म भरलाय ना त्याचा?"

"भरला की!" मी म्हणालो. उचलली जीभ लावली टाळ्याला. पोलीस पाटलाला तोंडावर खोटं सांगून बसलो.

त्या रेघा मला ठाऊक नव्हत्या, म्हणून मी त्याच दिवशी ओरेस्ते घाटात गेला असताना चादर बदलायच्या निमित्ताने त्याच्या खोलीत गेलो. वही उशीजवळच होती. आत तारखा, वेळा, वजनं. एक नकाशा, दिघीपासून हरिहरेश्वरापर्यंतचा किनारा, त्यावर लाल गोल. आणि पुढच्या पानावर, मोठ्या अक्षरांत, माझ्या मुलाचं नाव. अरबस्तानात राहिलो म्हणून इंग्रजी अक्षरं वाचता येतात मला. HUZAIFA. खाली रोजची तारीख आणि आकडे. एकोणीस मिनिटं. अठरा. सतरा चाळीस.

मी वही मिटली. पोराचं नाव या माणसाच्या वहीत कशाला? दोन-तीन वर्षांमागे आमच्या किनाऱ्यावर चरसची पाकिटं वाहून आली होती, पोलीस घरोघर विचारत फिरले होते. किनाऱ्याचा नकाशा, मिनिटांचा हिशेब, आणि माझा पोरगा!

त्या रात्री मी कपाटातली झेरॉक्स काढली आणि त्याचं पूर्ण नाव मोबाईलमध्ये टाकलं. इटलीतल्या जुन्या बातम्या निघाल्या. एक फोटो होता. हॉटेलचं दार, दोन पोलीस, मध्ये हाच, तरुण, मान खाली. मागून आणखी दोघे खोकी उचलून नेत होते. मोबाईलने भाषांतर करून दिलं. हॉटेलवर छापा, खोलीतून औषधांची खोकी जप्त, सायकलपटूने गुन्हा कबूल केला.

कबूल केला. झालं! मला आणखी काय हवं होतं? मला म्हणायचं होतं तेच मोबाईल म्हणत होता.

हुझैफाला विचारायला हवं होतं, हे मला आज कळतं. तेव्हा वाटलं, पोरगा त्याच्या वहीत आहे, तो त्याचीच बाजू घेणार. आणि उद्या हा माणूस पकडला गेला, तर माझ्या घरात पकडला जाईल. मग कसला क्लिअरन्स आणि कसलं दोहा? त्यापेक्षा आपणच आधी सांगितलं तर आपण साक्षीदार. दुधाने तोंड पोळलेला मी, ताक फुंकून प्यायला निघालो आणि भांडंच उलटं केलं.

सकाळी हिरामणकडे गेलो. फोटो दाखवला, त्याच्या मोबाईलवर पाठवलाही. "मी फॉर्म भरला म्हणालो ते खोटं होतं," मी म्हणालो, "पण त्याने कागदच दिले नाहीत रे. मागतो तर उद्या देतो म्हणतो. तू ठाण्यात सांग. माझं नाव मात्र घेऊ नकोस, पोराचं काम अडलंय."

हिरामणने फोटो दोनदा बघितला. "बरं," म्हणाला. "तुमचं नाव न्हाय घ्यायचो."

दुसऱ्या दिवशी, दोन फेब्रुवारीला, जीप आली. ओरेस्तेला, मला आणि हुझैफाला बोलावलं. हिरामण तिथे आधीच बसला होता, माझ्याकडे बघत नव्हता. आत उपनिरीक्षक मृणाली मॅडम होत्या, तिशीच्या, शांत बोलणाऱ्या. ओरेस्तेचं इंग्रजी म्हणजे चार शब्द. मॅडमनी हुझैफाला मध्ये बसवलं. "तू सांगत जा. जे बोलेल ते सगळं."

त्यांनी आधी पासपोर्ट बघितला, व्हिसा बघितला, कुठेतरी फोन केला. सगळं बरोबर निघालं. मग वही. हुझैफाच लाजत लाजत बोलला, "मॅडम, माझ्या वेळा आहेत त्या. मी त्याची सायकल घेऊन घाट चढतो. तो म्हणतो माझा दम चांगला आहे. रस्त्यावरच्या रेघा पण त्यासाठीच, कुठे किती वेग ठेवायचा ते कळावं म्हणून." नकाशावरचे लाल गोल म्हणजे चढ होते. वजन, भात आणि भादरलेले पाय ही त्याची शर्यतींपासूनची तीस वर्षांची खोड.

हिरामण खुर्चीत जरा खाली सरकला. मीही.

मग मॅडमनी फोटो पुढे केला. ओरेस्तेने तो बघितला. मग सावकाश सांगायला लागला, आणि हुझैफा एकेक वाक्य मराठीत आणत गेला. त्याला ते आधीच माहीत असावं, तो अडखळत नव्हता.

"तो म्हणतो, खोकी माझ्या खोलीत होती, पण माझी नव्हती. कॅप्टनची होती. छाप्याच्या अर्धा तास आधी मॅनेजरने आणून ठेवली. मॅनेजर म्हणाला, तुझी आहेत असं सांग. कॅप्टनला काही झालं तर टीम बंद, वीस घरांचे पगार बंद. तू तसाही जिंकत नाहीस, तुझं काय जातंय? तो म्हणतो, मी सांगितलं. दोन वर्षांची बंदी आली. बंदी संपली की परत टीममध्ये घेतो म्हणाले होते, कोणी घेतलं नाही. गावात आईला दुकानात उधार देणं बंद झालं. बायको सहा महिन्यांनी सोडून गेली. कॅप्टन आज टीव्हीवर शर्यतींचं समालोचन करतो."

"आणि स्वतः? स्वतः घेत होता का काही?" मॅडमनी विचारलं.

हुझैफाने विचारलं. ओरेस्ते म्हणाला, "सी."

"हो म्हणतो. सगळे घेत होते, मीही घ्यायचो, ते कबूल आहे. पण ती खोकी माझी नव्हती."

पोलिसांसमोर बसून, नाही म्हणून सुटता येत असताना, माणूस कबूल करतो! मी आयुष्यात असलं बघितलं नव्हतं. मला तिथेच उठून बाहेर जावंसं वाटलं.

"ते इटलीचं प्रकरण इटलीत मिटलं," मॅडम म्हणाल्या. "माझा प्रश्न साधा आहे. हा माणूस महिनाभर इथे आहे आणि त्याचा फॉर्म नाही. रशीदभाई, का?"

मला वेळ हवा होता आणि तो नव्हता. त्यांच्या टेबलावर फायलींची चळत होती, त्यातली एक हुझैफाची होती हे मला माहीत होतं. आणि मी म्हणालो, "मॅडम, त्याने कागदच दिले नाहीत."

हुझैफाने माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी विसरणार नाही.

"सांग त्याला," मॅडम म्हणाल्या. "विचार, कागद दिले होते की नाही?"

हुझैफाने विचारलं. ओरेस्ते माझ्याकडे वळला. चिडला नाही. हुझैफाच्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात काहीतरी बोलला. हुझैफाने मान हलवली, नाही अशी. तो परत बोलला, या वेळी जोर देऊन. हुझैफाने पुन्हा मान हलवली. मला एक शब्द कळत नव्हता. मी मनात म्हणत होतो, आता हा सगळं ओकणार, रशीद, बुडालास.

"काय म्हणतोय?" मॅडमनी विचारलं.

हुझैफाने घसा साफ केला. "मॅडम, तो आला त्या दिवशीच पासपोर्ट आणि व्हिसाच्या झेरॉक्स दिल्या होत्या. अब्बांच्या हातात. मी तिथेच होतो."

"खरं का, रशीदभाई?"

मी मान हलवली, हो अशी. दुसरं काय करणार होतो?

मॅडम चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त चळतीतून एक फाईल काढली. "हुझैफा, तुझं क्लिअरन्स मी आजच अलिबागला पाठवणार होते. सही तेवढी राहिली होती. पण आता तुझ्याच घरावर परदेशी नागरिकाची माहिती लपवल्याची चौकशी लागणार. ती संपेपर्यंत मला सही करता येणार नाही."

"किती दिवस, मॅडम?"

"महिना. दीड महिनाही लागेल."

दहा तारखेला आठ दिवस होते. हुझैफा "ठीक आहे" म्हणाला. एवढंच. मी हात जोडले, पोराची चूक नाही म्हणालो, वय काढलं, रहिमुन्निसाचं दुखणं काढलं. मॅडम म्हणाल्या, "हेच तुम्ही पाच जानेवारीला दोन ओळींत भरलं असतंत, तर आज मी तुम्हाला बोलावलंही नसतं." ओरेस्तेला जबाबासाठी थांबवून घेतलं, संध्याकाळी जीपने सोडतो म्हणाले. आम्हाला जायला सांगितलं.

हुझैफा मोटारसायकल चालवत होता, मी मागे. घाट लागला तेव्हा मला राहवलं नाही.

"तो तुला काय सांगत होता? दोनदा मान हलवलीस ती."

"कशाला पाहिजे तुम्हाला?"

"सांग तर."

"तो म्हणाला, सांग की मी कागद दिले नाहीत. मी तर पुढच्या आठवड्यात जाणारच आहे, मला ओरडतील, फार तर दंड करतील. तुझं काम होऊन जाऊ दे."

"मग सांगायचं होतंस ना, बाबा! तो स्वतःच म्हणत होता! तुझं काम झालं असतं."

"झालं असतं," हुझैफा म्हणाला. "त्याला आधी एकदा असंच सांगायला लावलं होतं, अब्बा. तुझं काय जातंय म्हणून. मला नाही जमलं."

ज्या पोरासाठी मी महिनाभर एका माणसावर डोळा ठेवला, त्या पोराने माझ्यासमोर स्वतःची नोकरी सोडून दिली, आणि तीही माझ्या खोट्यामुळे. मला लाज वाटली. एवढी लाज त्र्याण्णव साली चारदा ठाण्यात बसून वाटली नव्हती, कारण तेव्हा मी काही केलं नव्हतं.

घाट संपत आला तशी वर हिरामणची शेतं दिसायला लागली. हुझैफाने गाडीचा वेग कमी केला.

"हिरामणकाकाला मी सोडणार नाही," तो म्हणाला. "आयुष्यभर त्याच्याशी बोलणार नाही. खडूच्या रेघांवरून भांडायचं होतं तर माझ्याशी भांडायचं. त्या बिचाऱ्याचा जुना फोटो शोधून पोलिसांना नेऊन दिला! असलं कोण करतं, अब्बा?"

मी 'हो' म्हणालो असतो तर ते तिथेच मिटलं असतं. हिरामणने शब्द पाळला होता, तो कधी माझं नाव घेणार नव्हता. मला फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसणं मला चांगलं येतं.

"हिरामणने नाही शोधला," मी म्हणालो. "त्याला येतंय कुठे मोबाईलवर शोधायला? मी शोधला. खबर मी दिली."

गाडी थांबली. इंजिन चालूच होतं.

"उतरा," तो म्हणाला.

"हुझैफा, ऐक तर. मला वाटलं तुझं नाव त्याच्या वहीत आहे, तुला तो कशात तरी गुंतवणार. तुझ्यासाठीच केलं रे मी."

"अब्बा, उतरा खाली."

मी उतरलो. त्याने गाडी वळवली आणि आलो होतो त्याच रस्त्याने परत गेला, ठाण्याकडे, ओरेस्तेजवळ बसायला. मी दोन हाका मारल्या. ऐकू गेल्या असतील, घाटात दुसरी कसलीच गाडी नव्हती.

घाट पलीकडे उतरून घरी चालत पोचायला मला दीड तास लागला. रहिमुन्निसा अंगणात सुपारी पसरत होती. मला एकट्याला बघून उठली आणि म्हणाली, "हुझैफा कुठाय? काय झालं त्याच्या कागदाचं?" मी पायरीवर बसलो, तिलाही बस म्हणालो, आणि कपाटातल्या झेरॉक्सपासून सगळं सांगायला लागलो.